चित्रातले रूप आणि आरशातले रूप

बीदर जिल्ह्यात हुमनाबाद तालुक्यात जलसंगी नावाचे एक लहानसे गाव आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील एक देवालय तेथे उभे असून त्याच्या बाह्यभिंतींवर अनेक सुंदरींच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. त्यांपैकी एक मूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. ही सुंदरी शिलेवर सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या स्तुतीचा लेख लिहीत आहे. कन्नड भाषेत शिलालेखाला ‘शासन’ म्हणतात. म्हणून अभ्यासक तिला ‘शासनसुंदरी’ या नावाने ओळखतात. नऊ शतके होत आली, तरी तिचे लेखन चालूच आहे.

ही शासनसुंदरी म्हणजे कोणा एका स्त्रीचे हुबेहूब चित्र नव्हे. सिंहकटी, भरदार बांधा, डौलदार वळणे या सर्व गोष्टी शिल्पकाराने परंपरेने ठरवून दिलेल्या प्रमाणांनुसार घडविल्या. सौंदर्याचा आदर्श उभा करणे हा काही आजच्या युगाचा शोध नाही. मग जाहिरातीतील आणि वेषप्रदर्शनातील मॉडेल तरुणींविषयीच आज एवढी चर्चा का व्हावी? जलसंगीची सुंदरी आणि दुकानाच्या फलकावरील सुंदरी यांच्यात असा कोणता भेद आहे, की जिच्यामुळे एकीकडे पाहून मन प्रसन्न होते आणि दुसरीकडे पाहून अनेक मुली स्वतःवरच नाराज होतात?

भेद तीन आहेत. पहिला असा, की शासनसुंदरी दगडाची आहे आणि ती दगडाची आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. दुसरा असा, की तिचे दर्शन जत्रेला वा देवदर्शनाला जाताना कधीमधी घडते. ती दिवसातून शंभर वेळा डोळ्यांपुढे येत नाही. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा भेद असा, की ती कोणाला काही विकत नाही. फॅशनच्या चित्रातील मॉडेल मात्र खरीखुरी, जिवंत व्यक्ती म्हणून समोर येते, अहोरात्र समोर येते आणि पाहणाऱ्याच्या अंगी काही उणे आहे हे सुचवून त्या उणिवेवरील उपायही हातात घेऊनच येते.

हा बदल एका दिवसात घडलेला नाही. १८९४ साली राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या रंगीत तसबिरी घरोघरी भिंतींवर लागल्या. एकच चेहरा, एकच वर्ण आणि साडीची एकच ढब हजारो घरांत एकाच वेळी पोहोचण्याची ती सुरुवात होती. पुढे १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या. त्या साबणाच्या जाहिरातीतील त्या पहिल्या भारतीय चित्रपट अभिनेत्री. त्यांचा जन्म धारवाडचा. म्हणजे कर्नाटकाच्या भूमीत जन्मलेल्या एका मराठी स्त्रीच्या चेहऱ्यापासून या देशातील एका दीर्घ परंपरेचा आरंभ झाला, असे म्हणता येईल. तसबिरीतील देवीपुढे लोक हात जोडीत होते. जाहिरातीतील सुंदरीपुढे मात्र ते आरसा घेऊन उभे राहू लागले.

कलबुर्गी जिल्ह्याच्या, म्हणजे तेव्हाच्या गुलबर्गा जिल्ह्याच्या, बाबतीत १९७५ हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अनेक मोठ्या शहरांतही दूरचित्रवाणी पोहोचलेली नव्हती, अशा काळात ती या जिल्ह्यातील खेड्यांत आली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांमध्ये शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. त्यांत कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे होते. गावाच्या एका सार्वजनिक जागी संच ठेवलेला असे आणि सारे गाव त्याच्याभोवती जमे. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे विषय असत. त्या पडद्यावर कोणीही काही विकीत नव्हते. पुढे १९७७ मध्ये गुलबर्ग्यात दूरदर्शनचे प्रक्षेपणही सुरू झाले.

परंतु त्याच १९७५ साली बाजारात दुसरीही एक वस्तू आली. ती म्हणजे ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचे क्रीम. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनने व्यापारी जाहिराती स्वीकारण्यास प्रारंभ केला. हे दोन प्रवाह एकत्र आले आणि ज्या पडद्याने पिकावरील किडीची माहिती दिली, तोच पडदा पुढे चेहऱ्याच्या वर्णाविषयी उपदेश करू लागला. १९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि मंगळुरात जन्मलेल्या ऐश्वर्या राय यांना विश्वसुंदरीचे किताब मिळाले, १९९६ मध्ये बंगळुरात ‘मिस वर्ल्ड’ स्पर्धा भरली. त्यानंतर मॉडेल हा शब्द खेड्यापाड्यांतही कोणाला समजावून सांगण्याची गरज उरली नाही. आज तर पडदा प्रत्येकाच्या मुठीतच आहे.

अशा प्रतिमांचा परिणाम खरोखर होतो काय, की हा केवळ वडीलधाऱ्यांचा समज आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर झाला. तेथील मूळ समाजात भरल्या अंगाची स्त्री देखणी मानली जाई. १९९५ साली तेथील एका प्रांतात दूरचित्रवाणी आली. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. आहाराविषयीची विकृत वृत्ती दर्शविणाऱ्या मुलींचे प्रमाण तीन वर्षांत शेकडा १२.७ वरून २९.२ वर गेले. वजन घटविण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी १९९५ मध्ये एकही आढळली नव्हती. १९९८ मध्ये त्यांचे प्रमाण शेकडा ११.३ झाले. पाहणी लहान होती आणि त्या तीन वर्षांत समाजात इतरही बदल होत होते, हे खरे. तथापि कित्येक मुलींनी स्वतःच सांगितले, की पडद्यावरील स्त्रियांसारखे दिसावे अशी त्यांची इच्छा आहे.

हे घडते कसे? १९५४ साली लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने ‘सामाजिक तुलने’चा सिद्धान्त मांडला. एखादी गोष्ट मोजण्यास निश्चित माप नसेल, तेव्हा मनुष्य इतरांशी तुलना करून स्वतःची किंमत ठरवितो, असे त्याचे सार आहे. धान्याला पायली आहे, कापडाला वार आहे. रूपाला मात्र असे माप नाही. म्हणून रूपाच्या बाबतीत तुलना अटळ ठरते. पूर्वी ही तुलना नदीच्या घाटावर, बाजारात, लग्नमंडपात भेटणाऱ्या बायकांशी होत असे. त्यांत कोणी उंच, कोणी ठेंगणी, कोणी काळीसावळी, कोणी गोरी असे. कोठेतरी आपलाही मेळ बसे. आता तुलनेला समोर जी उभी राहते, ती लाखांतून निवडलेली असते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. फॅशनच्या मंचावर साधारणतः पाच फूट आठ इंच वा त्याहून उंच तरुणी निवडल्या जातात. ही उंची कोणत्याही व्यायामाने वा लेपाने साध्य होणारी नाही.

शिवाय चित्रातील ती मॉडेलही चित्रात दिसते तशी नसते. दिव्यांची योजना, रंगभूषा, पाठीमागून टाचण्या लावून अंगाबरोबर बसविलेला पोशाख आणि सरतेशेवटी संगणकावर पुसून टाकलेली प्रत्येक सुरकुती, एवढे सोपस्कार झाल्यावर ते छायाचित्र छापले जाते. म्हणजे ती तरुणीसुद्धा स्वतःच्या चित्राशी तुलनेत हरते. २००६ साली ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्टन ही मॉडेल अन्न वर्ज्य करण्याच्या विकाराने अवघ्या एकविसाव्या वर्षी मरण पावली. ज्या साच्यात इतरांनी बसावे असे सुचविले जाते, त्या साच्याची पहिली बळी अनेकदा मॉडेलच असते.

बीदर आणि कलबुर्गीच्या सीमाभागात, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या मराठी बोलल्या जाणाऱ्या तालुक्यांत, हा प्रश्न सडपातळपणापेक्षा वर्णाच्या रूपाने अधिक बोचतो. उन्हातान्हात राबणारा हा प्रदेश. येथील बहुतेकांचा वर्ण सावळाच. तरीही स्थळ पाहताना पहिला प्रश्न ‘मुलगी उजळ आहे का?’ असाच येतो. वृत्तपत्रांतील विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गहूवर्णी’ अशी प्रतवारी जणू धान्याच्या आडतीप्रमाणे लावलेली असते. मुलगी सावळी म्हणून हुंड्याचा आकडा वाढतो, हेही उघड गुपित आहे. जाहिरातीने हा पूर्वग्रह निर्माण केला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तो आधीपासून घरात होताच. जाहिरातीने त्याला दुकान मिळवून दिले.

आश्चर्य असे, की याच समाजाचे परमदैवत काळेसावळे आहे. आषाढीला या तालुक्यांतून पंढरीस जाणारा वारकरी ज्या रूपासाठी पायपीट करतो, ते रूप सावळेच आहे. बीदर-गुलबर्ग्याप्रमाणे पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातच असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रकारांनी श्यामवर्णाच्या राजस्त्रिया मोठ्या प्रेमाने रंगविल्या आहेत. म्हणजे सावळ्या रूपाला सुंदर म्हणण्याची दृष्टी बाहेरून आणावयाची नाही. ती घरचीच आहे. देवळात शाबूत राहिलेली ही दृष्टी सोयरीक जुळविताना मात्र हरवते.

ही हानी केवळ मनाची असती, तरी ती थोडी नव्हती. पण ती शरीरापर्यंत पोहोचते. गोरेपणासाठी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून लावली जाणारी कित्येक मलमे स्टेरॉइडयुक्त असतात. त्यांनी आरंभी चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पण पुढे त्वचा पातळ व लाल होते, पुटकुळ्या उठतात, केस वाढतात आणि मलम थांबविताच आग होऊ लागते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस प्रतिबंध केला. काही लेपांत पारा असतो आणि तो मूत्रपिंडाला इजा करतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात असे रुग्ण २०२३ मध्ये आढळले. दुसरीकडे पाहावे, तर २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील शेकडा ५७ आणि कर्नाटकातील शेकडा ४८ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. जेथे जवळजवळ निम्म्या स्त्रिया रक्तक्षयाने थकलेल्या आहेत, तेथे वाढत्या वयाच्या मुलीने बारीक दिसण्यासाठी भाकरी अर्धी करावी आणि त्या बचतीतून क्रीम घ्यावे, यापरते उफराटे ते कोणते?

यावर उपाय काय? कायदे झाले आहेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला वैद्यकीय दाखला आवश्यक असून अंगकाठीत फेरफार केलेल्या जाहिरातीच्या छायाचित्रावर तशी सूचना छापावी लागते. भारतात जाहिरातदारांच्या स्वनियंत्रण संस्थेने २०१४ मध्ये नियम केला, की सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक वा अपयशी अशी दाखवू नये. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ हा शब्दही गेला. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु प्रयोगांत असे दिसून आले आहे, की चित्र खोटे आहे ही सूचना वाचूनही पाहणारीच्या मनातील तुलना फारशी कमी होत नाही. बुद्धीला पटले, तरी डोळा आपले काम करीतच राहतो.

म्हणून खरा उपाय मापच रुंद करण्याचा आहे. मुलीच्या डोळ्यांपुढे एका साच्याऐवजी अनेक रूपे आली पाहिजेत आणि तिच्या कानांवर रूपाखेरीज इतर गुणांचीही वाखाणणी पडली पाहिजे. हे काम कोणत्याही कायद्यापेक्षा घरातील आजी, आई, आत्या आणि मावशी अधिक चांगले करू शकतात. ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’ असे म्हणण्याऐवजी ‘ऊन लागेल, डोक्यावर पदर घे’ असे म्हटले, तरी काळजी तितकीच व्यक्त होते आणि मनावर डाग पडत नाही. बापाने स्थळाच्या पत्रात वर्णाऐवजी शिक्षण आधी लिहावे. शिक्षकाने स्नेहसंमेलनात राणीची भूमिका दरवेळी वर्गातल्या गोऱ्या मुलीलाच देऊ नये. आणि वृत्तपत्राच्या वाचकाने विवाहाच्या जाहिरातीचा मजकूर लिहिताना एका शब्दाची काटछाट करावी. त्याला पैसेही कमीच पडतील.

जलसंगीच्या शिल्पकाराने आपल्या सुंदरीला रूप दिले, तसे हाताला कामही दिले. तिच्या वर्णाविषयी त्या दगडाने काहीही सांगितलेले नाही. तिला लिहिता येते, एवढे मात्र अवश्य सांगितले आहे.