रॅगिंगची तक्रार आणि संस्थाप्रमुखाची जबाबदारी

बपेऱ्यासारख्या गावातून मूल शहरातील वसतिगृहात जाते, तेव्हा आईबाप ते महाविद्यालयाच्या हवाली करतात. १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायद्याने ही जबाबदारी केवळ नैतिक ठेवलेली नाही. विद्यार्थी, पालक वा शिक्षक यांची लेखी तक्रार येताच संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी केलीच पाहिजे. सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार ताबडतोब पोलीस ठाण्याकडे पाठवावी लागते. न आढळल्यास तक्रारदारास तसे लेखी कळवावे लागते. संस्थेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण दडपणारा प्रमुख कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्यास साहाय्य करणाराच ठरतो. मूळ शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद व १०,००० रुपयांपर्यंत दंड. तिला तोही पात्र होतो. तेव्हा मित्रहो, तक्रार लेखीच करावी आणि तारखेसह पोच घ्यावी. ७ दिवस मोजावयाचे ते त्या तारखेपासूनच.