बगलफूट काढावी की ठेवावी?

तुमच्या परसात किंवा गॅलरीतल्या कुंडीत टोमॅटोचे रोप असेल, तर एक गोष्ट तुमच्या नजरेस आली असेल. पहिला महिनाभर ते शहाण्या मुलासारखे सरळ वाढते. पुढे मात्र त्याला इतक्या फांद्या फुटतात, की मूळ खोड कोणते हेच ओळखू येत नाही. पानांचा गुंता होतो, फांद्या मातीवर लोळतात आणि फळे मात्र लिंबाएवढीच राहतात. शेजारचे काका म्हणतात, "छाटून टाका." आजी म्हणते, "हिरव्या झाडाला कात्री लावू नये." यांपैकी खरे कोणाचे? गंमत अशी, की दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. कसे ते पाहू.

प्रथम रोपाजवळ बसून नीट निरीक्षण करा. पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो, त्या बेचक्यात एक कोवळा कोंब दिसेल. हीच बगलफूट. फुलांचा घोस मात्र बेचक्यातून येत नाही. तो दोन पानांच्या मधल्या खोडावरून निघतो. हा फरक पक्का लक्षात ठेवा, नाहीतर फुटीऐवजी फुलेच खुडली जातील!

हे कोंब आधी गप्प का असतात? १९३३ साली थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापले. खालचे कोंब लगेच वाढू लागले. परंतु कापलेल्या जागी 'ऑक्झिन' हे वाढीचे संप्रेरक लावले, तेव्हा कोंब पुन्हा दबून राहिले. म्हणजे शेंडा खाली ऑक्झिन पाठवतो आणि कोंबांना आवरून धरतो. पुढे २०१४ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी वाटाण्यावर प्रयोग करून आणखी एक कारण दाखवले. वाढता शेंडा साखरेचा मोठा वाटा स्वतःकडे ओढतो, म्हणून कोंब उपाशी राहतात. शेंडा गेला, की साखर त्यांच्याकडे वळते आणि ते जागे होतात. टोमॅटोतही शेंडा उंच गेला, की दूरच्या कोंबांवरील त्याची पकड सैल होते. मग प्रत्येक बगलफूट स्वतःच एक नवे खोड बनू पाहते.

आता तुम्ही विचाराल, फांद्या वाढल्या तर पाने वाढतील, पाने वाढली तर अन्न वाढेल; मग बिघडले कोठे? मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून याचे उत्तर प्रकाशाच्या हिशेबाने देतो. पानाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशापैकी ढोबळमानाने नऊ दशांश भाग ते शोषून घेते किंवा परत फेकते. एक दशांशच पलीकडे जातो. त्याखालच्या पानातून त्याचाही एक दशांश, म्हणजे मूळ प्रकाशाचा शंभरावा भाग. फटींतून थोडे ऊन येते हे खरे, तरी दाट गुंत्यातल्या तळच्या पानांना फारच थोडा प्रकाश मिळतो. श्वसनासाठी लागणारी साखरसुद्धा त्यांना धड तयार करता येत नाही. शिवाय तिथे वारा खेळत नाही, पाने ओली राहतात, मातीचे शिंतोडे उडतात आणि करपा रोगाच्या बुरशीला आयतेच घर मिळते.

छाटणीपूर्वी आपल्या रोपाची जात ओळखा. काही जातींत फुलांचे घोस जवळजवळ येतात आणि शेवटी शेंडाच घोसात संपतो. हा गुण १९१४ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका रोपात आपोआप उद्भवला. अशा झुडुपी जातींची बगलफूट काढू नका, कारण त्यांची बरीचशी फळे तिच्यावरच लागतात. ज्या जातींत साधारण तीन पानांमागे एक घोस येतो आणि शेंडा वाढतच राहतो, त्यांना मात्र वळण लावणे फायद्याचे.

वाढून बसलेले रोप हाती घ्यायचे झाल्यास क्रम असा ठेवा. सकाळी, दव वाळल्यावर, हात साबणाने धुऊन सुरुवात करा, कारण काही विषाणू हातांवरूनच एका रोपाकडून दुसऱ्याकडे जातात. आधी पिवळी व मातीला टेकलेली पाने काढा. मग पहिल्या घोसाखालच्या फुटी काढा. त्यांतली घोसालगतची सर्वांत जोमदार फूट दुसरे खोड म्हणून ठेवा. बोटभर लांबीची फूट दोन बोटांत धरून वाकवली, की कट्‌कन तुटते. पेन्सिलीएवढी जाड झालेली असेल, तर स्वच्छ कात्री वापरा. हात हिरवे-पिवळे होतील. पानांवरील लवेतून येणारा तो रस आहे. पाने विषारी असतात, तेव्हा काम संपल्यावरही हात धुवा.

नंतर शेजारी बांबू रोवून सुतळीने आधार द्या. गाठ इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी आणि सैल असावी, म्हणजे खोड जाड झाले तरी काचत नाही. आधार का हवा? शंभर ग्रॅमची पाच फळे म्हणजे सुमारे ५ न्यूटन भार. रोप कलून हा घोस बुंध्यापासून ४० सेंटिमीटर बाहेर गेला, तर बुंध्यावर २ न्यूटन-मीटर परिबल येते. कोवळ्या खोडाला ते पेलत नाही. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंत या भागांत गेलात, तर बांबू, तार आणि सुतळी यांवर उभी केलेली टोमॅटोची शेते अवश्य पाहा.

आता माझी एक चूक सांगतो. एका एप्रिलमध्ये मी उत्साहाच्या भरात एकाच दिवशी निम्मे झाड रिकामे केले. आठवडाभरात उघड्या पडलेल्या हिरव्या फळांवर पांढुरके चट्टे पडले. पानांची सावली गेली आणि भर उन्हात फळे अक्षरशः भाजली. आजीचे म्हणणे मला तेव्हा पटले. म्हणून एका वेळी थोडेच काढा, चार-पाच दिवस थांबा, आणि फळांवर छत्री धरणारी पाने ठेवा.

शेवटी खरा प्रश्न: छाटणीने उत्पन्न वाढते का? येथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. ५ सेंटिमीटर व्यासाचे फळ ६ सेंटिमीटरचे झाले, तर घनफळ सुमारे १.७३ पट होते. म्हणजे मोठी २३ फळे आणि लहान ४० फळे यांचे वजन जवळजवळ सारखेच! छाटलेल्या रोपाची फळे मोठी असतात, बहुधा लवकर पिकतात आणि स्वच्छ राहतात. परंतु त्यांची संख्या कमी होते, आणि कधी कधी एका रोपाचे एकूण वजनही कमी भरते. लाभ असा, की सरळ वाढवलेली रोपे थोड्या जागेत जास्त बसतात.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका. एकाच पुडीतले बी, सारख्या कुंड्या, सारखी माती, सारखे पाणी घेऊन सहा रोपे लावा. तीन छाटा, तीन तशीच वाढू द्या; आधार मात्र सहाही रोपांना द्या. प्रत्येक फळ तोडल्याची तारीख आणि वजन वहीत लिहा. काढलेल्या फुटीही फेकू नका. ओल्या मातीत खोचून सावलीत ठेवल्या, तर एक-दोन आठवड्यांत त्यांना मुळे फुटतात आणि मित्राला देण्यासाठी नवे रोप तयार होते.

हंगाम संपल्यावर दोन्ही बेरजा मांडा, आणि मगच काका बरोबर की आजी, याचा निकाल द्या.