डीएफसी : पाडलेल्या विमानांच्या हिशेबापलीकडे

‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’, म्हणजेच डीएफसी, हे ब्रिटिश पदक भारतीय वाचकाला बहुधा इंद्रलाल रॉय किंवा अर्जन सिंग यांच्या नावापुढे भेटतं. त्याबरोबर काही समजुतीही आपोआप येतात. शत्रूची ठरावीक विमानं पाडली की हे पदक मिळायचं, ते फक्त लढाऊ वैमानिकांचं होतं, ज्याला मिळालं तो न मिळालेल्यापेक्षा शूर. पदकाचे नियम आणि त्यांची अंमलबजावणी पाहिली की यातली एकही समजूत टिकत नाही. पदक शौर्याबद्दलच दिलं जाई, याविषयी शंका नको. पण कोणाच्या छातीवर कोणतं पदक लागणार, हे त्याच्या शौर्याबरोबरच त्याच्या हुद्द्यावर आणि तो जिवंत परतला की नाही यावरही ठरत असे. म्हणून डीएफसीकडे पाहून एखाद्याने काय केलं हे कळू शकतं. दोन माणसांच्या धैर्याची तुलना मात्र त्यावरून करता येत नाही.

लष्कर आणि नौदल यांच्या हवाई शाखा एकत्र करून 1 एप्रिल 1918 रोजी रॉयल एअर फोर्स उभं राहिलं. तोवर वैमानिकांना त्या त्या दलाचीच पदकं मिळत. नव्या दलासाठी 3 जून 1918 रोजी, राजे पंचम जॉर्ज यांच्या वाढदिवशी, एकदम चार पदकं जाहीर झाली आणि त्यांची विभागणी दोन निकषांवर झाली. शत्रूविरुद्धच्या प्रत्यक्ष मोहिमेतील उड्डाणासाठी अधिकाऱ्यांना आणि वॉरंट ऑफिसरांना डीएफसी, तर त्याखालच्या हुद्द्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल’, म्हणजे डीएफएम. शत्रूशी थेट संबंध नसलेल्या उड्डाणातील कामगिरीसाठी याच धर्तीवर एअर फोर्स क्रॉस आणि एअर फोर्स मेडल. अमेरिकेचंही डीएफसी याच नावाचं पदक आहे आणि दोन्हींची सर्रास गल्लत होते. ते अमेरिकी काँग्रेसच्या 2 जुलै 1926 च्या कायद्याने आलं आणि त्यात शौर्याच्या जोडीला उड्डाणातली असाधारण कामगिरीही बसते. म्हणूनच अटलांटिक एकट्याने पार करणाऱ्या चार्ल्स लिंडबर्ग यांना 1927 मध्ये ते मिळू शकलं, आणि 1932 मध्ये काँग्रेसच्या खास मंजुरीने अमेलिया इअरहार्ट यांनाही. ब्रिटिश डीएफसीच्या नियमांत अशा उड्डाणाला जागाच नव्हती.

विमानं पाडण्याच्या समजुतीला पहिल्या महायुद्धाने खतपाणी घातलं, हे मान्य करायला हवं. इंद्रलाल रॉय यांचंच उदाहरण घ्या. कोलकात्यात जन्मलेला हा एकोणीस वर्षांचा तरुण 40 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून एस.ई.5ए विमान उडवत होता. जुलै 1918 मध्ये, दोन आठवड्यांच्या आत, त्यांच्या नावावर दहा विजय लागले आणि 22 जुलैला फ्रान्सच्या आकाशात ते मारले गेले. सप्टेंबरमध्ये राजपत्रात आलेल्या त्यांच्या डीएफसीच्या मजकुरात तेरा दिवसांत नऊ शत्रुविमानांचा उल्लेख आहे. असा मजकूर वाचला की पदक म्हणजे आकड्याचं बक्षीस वाटणं स्वाभाविक आहे. पण नियमांत असा कोणताही आकडा नव्हता. तिथे तीन गोष्टी होत्या : पराक्रम, धैर्य आणि कर्तव्यनिष्ठा.

त्यातली तिसरी गोष्ट दुसऱ्या महायुद्धात फार महत्त्वाची ठरली. करुण कृष्ण मजुमदार यांना 1942 मध्ये ब्रह्मदेशातल्या कामगिरीबद्दल डीएफसी मिळालं. त्यांचं विमान लायसँडर होतं, म्हणजे पायदळाला मदत करण्यासाठी, टेहळणीसाठी बनवलेलं संथ विमान. त्याला बॉम्ब लावून भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने जपानी तळांवर हल्ले केले. पुढे युरोपातल्या कामगिरीबद्दल मजुमदार यांना त्याच पदकाचा ‘बार’, म्हणजे दुसऱ्यांदा सन्मान, मिळाला. 1944 मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग याच स्क्वाड्रनचं नेतृत्व करत होते. हरिकेन विमानांतून टेहळणी करणं आणि जमिनीवरच्या जपानी फौजांवर मारा करणं, हे त्यांचं काम. लॉर्ड माउंटबॅटन यांनी स्वतः इंफाळला येऊन त्यांच्या छातीवर डीएफसी लावलं. या दोघांच्या सन्मानाचा पाडलेल्या विमानांशी संबंध नाही.

बॉम्बर कमांडकडे पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. दुसऱ्या महायुद्धात वीस हजारांहून अधिक डीएफसी दिली गेली आणि त्यांतली मोठी संख्या बॉम्बफेकी विमानांच्या चमूंना मिळाली. हे फक्त वैमानिक नव्हते. नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेस ऑपरेटर, गनर असे सगळेच पात्र होते. एखाद्या विशिष्ट घटनेबद्दल पदक तातडीने मिळे, तसंच मोहिमांची पूर्ण फेरी सातत्याने पार पाडल्याबद्दलही मिळे. यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : फेरी संपली की पदक मिळणार असेल, तर ती हजेरीची नोंद झाली, शौर्याची नव्हे. मला हा आक्षेप अन्यायकारक वाटतो. फेरी साधारण तीस मोहिमांची असे. बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख हवाई सैनिकांपैकी 55,573 मृत्युमुखी पडले. असं असताना एकोणतिसाव्या रात्री पुन्हा विमानात चढण्याला शौर्य म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं? शिवाय पदक फेरीबरोबर आपोआप मिळतही नसे. फेरी पूर्ण करूनही ते न मिळालेले पुष्कळ होते.

हुद्द्याचा परिणाम किती थेट होता, हे एका विमानातच दिसतं. 16 मे 1943 च्या रात्री जर्मनीतली धरणं फोडायला निघालेल्या 617 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये गाय गिब्सन यांच्या लँकॅस्टरमध्ये सात जण होते. गिब्सन यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. चमूतल्या चार अधिकाऱ्यांना डीएफसी आणि ते आधीच मिळवलेल्या पाचव्याला बार. सातवे फ्लाइट इंजिनिअर जॉन पुलफर्ड. हुद्द्याने सार्जंट, म्हणून त्यांना डीएफएम. तेच विमान, तेच धरण, तोच विमानवेधी मारा. फरक बाहीवरच्या फितीचा. काही जण म्हणतात की डीएफएम संख्येने कमी, त्यामुळे उलट अधिक मानाचं. दुसऱ्या महायुद्धात ती साडेसहा हजारांच्या आसपास दिली गेली, हे खरं. पण संख्या कमी असण्याचा अर्थ इतकाच की बिनकमिशनच्या माणसापर्यंत सन्मान कमी वेळा पोचला. विमानांत अशी माणसं मोठ्या संख्येने होती आणि धोका तर सर्वांना सारखाच होता.

त्याच मोहिमेत आठ विमानं परतली नाहीत आणि 53 जण मारले गेले. परतलेल्यांपैकी 34 जणांना पदकं मिळाली. मेलेल्यांना या मोहिमेबद्दल डीएफसी मिळण्याचा मार्गच नव्हता, कारण तेव्हाच्या ब्रिटिश व्यवस्थेत लढाईतल्या मृत्यूनंतर व्हिक्टोरिया क्रॉस किंवा खलित्यातला नामोल्लेख एवढेच पर्याय होते. ‘मग कितीतरी डीएफसी मरणोत्तर कशी?’ हा प्रश्न रास्त आहे. पदक आधीच्या कामगिरीबद्दल आणि मृत्यूपूर्वीच्या तारखेपासून लागू केलं जाई. राजपत्रात नाव छापून येईपर्यंत माणूस गेलेला असे आणि नावापुढे तशी नोंद होई. आधीच्या कामगिरीची शिफारस न होता पहिल्याच मोठ्या प्रसंगात कोसळलेला वैमानिक त्यात बसत नसे. हा नियम 1979 मध्ये बदलला. एखाद्या मृत सैनिकाच्या नावापुढे काही नाही, म्हणून त्याने काही केलं नाही असं समजणं, हा मला या सगळ्यांतला सर्वांत क्लेशकारक गैरसमज वाटतो.

हुद्द्याची भिंत ब्रिटनने 1993 मध्ये पाडली. डीएफएम बंद झालं आणि डीएफसी सर्व हुद्द्यांना खुलं झालं. पुढे 2008 मध्ये फ्लाइट लेफ्टनंट मिशेल गुडमन डीएफसी मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. आदल्या वर्षी बसरा इथे मारा चालू असताना त्यांनी मर्लिन हेलिकॉप्टर उतरवून गंभीर जखमी सैनिकाला बाहेर काढलं होतं. भारताने ही भिंत उभारलीच नाही. 26 जानेवारी 1950 रोजी स्थापन झालेली आणि 15 ऑगस्ट 1947 पासून लागू झालेली परमवीर, महावीर आणि वीर चक्रं तिन्ही दलांना आणि सर्व हुद्द्यांना सारखीच खुली होती. काश्मीरच्या पहिल्या युद्धातल्या कामगिरीबद्दल हृषीकेश मुळगावकर यांना मिळालेलं महावीर चक्र याच व्यवस्थेतलं. पुढे ते हवाई दलप्रमुख झाले. त्याच युद्धात जमिनीवर लढणाऱ्या जवानालाही नेमकं तेच चक्र मिळू शकत होतं.