अधिक डागले म्हणजे ठोका सुधारतो का?

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंदे म्हणतात. त्यांतील विद्युत्‌लहरी मिनिटाला साडेतीनशेहून अधिक वेळा सैरावैरा धावू लागल्या, की स्नायू आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि नाडी बिघडते. हा विकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. तो सात दिवसांहून अधिक टिकला, तर त्यास ‘पर्सिस्टंट’ म्हणतात.

फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल आयसागेर यांच्या चमूने १९९८ साली ४५ रुग्णांत दाखवून दिले, की लय बिघडवणाऱ्या ६९ उगमबिंदूंपैकी ९४ टक्के बिंदू फुप्फुसांतून रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये दडलेले असतात. अ‍ॅब्लेशन या उपचाराचा पाया हाच आहे: जांघेतील शिरेतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी वर नेऊन, दोन्ही अलिंदांमधला पडदा सुईने छेदून ती डाव्या अलिंदात उतरवतात आणि त्या शिरांच्या मुखांभोवतीची ऊती उष्णतेने डागून किंवा गोठवून विद्युत्‌वहनास निकामी करतात. मुखात ठेवलेल्या वर्तुळाकार इलेक्ट्रोडवरचे शिरेचे टोकदार संकेत मॉनिटरवरून नाहीसे झाले, की ती शीर अलग पडली असे मानतात.

पर्सिस्टंट प्रकारात मात्र एवढ्याने अनेकदा भागत नाही, कारण खुद्द अलिंदच बदललेले असते. मास्ट्रिख्टमधील विफेल्स आणि अ‍ॅलेसी यांनी १९९५ मध्ये शेळ्यांवरील प्रयोगांतून सिद्ध केले होते, की फिब्रिलेशन वारंवार घडवत राहिल्यास तेच अधिकाधिक काळ टिकू लागते. साहजिकच अलिंदात आणखी रेषा डागाव्यात, असा विचार बळावला. ५८९ रुग्णांवरील ‘स्टार एएफ २’ या २०१५ च्या चाचणीने त्याला जबर धक्का दिला: केवळ शिरा अलग केलेल्या रुग्णांपैकी ५९ टक्के जण दीड वर्षानंतर फिब्रिलेशनमुक्त होते, तर जादा रेषा डागलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के निघाले, हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नसला, तरी जादा डागण्याचा लाभ कुठेच दिसला नाही. रेषेत बारीकशी फट राहिली तरी लहर तिच्यातून वळसा घालून नवे चक्र सुरू करू शकते, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. त्यामुळे प्रत्येक वाढीव डागणीने आपली उपयुक्तता आधी सिद्ध करावी, हा आग्रह रुग्णहिताचाच ठरतो.

त्या कसोटीवर काहीसा उतरलेला उपाय म्हणजे डाव्या अलिंदावरील ‘मार्शल’ नावाच्या बारीक शिरेत अल्कोहोल सोडून भोवतीची ऊती निकामी करणे. २०२० च्या ‘व्हीनस’ चाचणीत त्याची जोड दिल्याने यशाचे प्रमाण ३८ वरून सुमारे ४९ टक्क्यांवर गेले. अलीकडचे पल्स्ड फील्ड तंत्र उष्णतेऐवजी अतिसूक्ष्म कालावधीच्या विद्युत्‌स्पंदांनी पेशींच्या आवरणांना छिद्रे पाडते, आणि हृदयपेशी त्याला लवकर बळी पडत असल्याने लगतच्या अन्ननलिकेला इजा होण्याची भीती बरीच कमी होते. कुठे डागावे, हा प्रश्न मात्र या तंत्रानेही सुटत नाही.