व्हिनाइलची फरशी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तोडफोड न करता घराचं रूप पालटायचं, तर व्हिनाइल हा सोयीचा पर्याय आहे. पण ते वर्षानुवर्षं टिकणार की पहिल्याच पावसाळ्यात फुगणार, हे बरंचसं खालच्या जमिनीवर ठरतं.

गैरसमज: लिनोलियम आणि व्हिनाइल एकच.
वस्तुस्थिती: इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६३ मध्ये पेटंट घेतलेलं लिनोलियम जवसाचं तेल, राळ आणि बुचाचा भुसा यांपासून बनतं, त्याच्या पाठीला तागाचं कापड असतं. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, निव्वळ प्लास्टिक. आपल्याकडे लिनोलियम म्हणून मीटरवर मिळतं, तेही बहुधा पीव्हीसीच. निगा मात्र वेगळी: लिनोलियमला अमोनिया किंवा सोड्याचं तीव्र द्रावण मानवत नाही, तर व्हिनाइलवर रबरी पायपुसण्याचे पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

गैरसमज: जुन्या लादीवर थेट अंथरलं की झालं.
वस्तुस्थिती: शहाबादीचे खोल सांधे, उखडलेला कोपरा, राहून गेलेला खडा, सगळं काही दिवसांत वर उमटतं. आधी सांधे भरून जमीन सपाट करा. गुंडाळी उलगडून दिवसभर खोलीत पसरून ठेवा, म्हणजे वळ्या बसतात, मगच कापा.

गैरसमज: व्हिनाइल वॉटरप्रूफ, त्यामुळे ओलीची चिंता नाही.
वस्तुस्थिती: वरचं पाणी खाली जात नाही, तसंच खालची ओलही वर निघत नाही. ती अडकते, गोंद सुटतो, बुरशी धरते. तळमजल्यावर आधी तपासा: दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवा. आतून थेंब दिसले, तर आधी ओलीचा बंदोबस्त करा.

गैरसमज: काढायचं म्हणजे नुसतं ओढायचं.
वस्तुस्थिती: नुसतं सैल अंथरलेलं असेल, तर तसंच निघतं. चिकटवलेलं ओढलं, की वरचा थर हातात येतो आणि पाठ जमिनीला राहते. कटरने वीतभर रुंद पट्ट्या पाडा, हेअर ड्रायरने गोंद मऊ करा आणि पसरट पट्टीने सावकाश सोडवा.

गैरसमज: उरलेला गोंद मशीनने घासून टाकावा.
वस्तुस्थिती: अमेरिका-युरोपातल्या १९८०च्या दशकाआधीच्या घरांत टाइल, शीटची पाठ आणि काळा गोंद यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. घासल्याने त्याचे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसांत जाऊन कर्करोगाला कारण ठरू शकतात. तिथे जुनं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनी आधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. शंका असेल तर फरशीला हातच लावू नये. ती शाबूत असेल, तर तिच्यावरच नवी फरशी बसवणं अधिक सुरक्षित.