बाह्य संचयक : घटक, जुळणी व विश्वसनीयता

हस्तलिखितांची छायाचित्रे, बोलींची ध्वनिमुद्रणे, क्षेत्रीय पाहणीतील नोंदी इत्यादी संशोधनसामग्री आज बहुतांशी संगणकाबाहेरील एखाद्या लहानशा संचयकात ठेवली जाते. बाजारात तयार मिळणारा असा संचयक एकसंध वस्तू भासतो. वस्तुतः त्यात दोन भिन्न घटक असतात : माहिती साठविणारी डिस्क, आणि त्या डिस्कचे संकेत यूएसबीच्या संकेतांत रूपांतरित करणारे सेतुमंडल. हे सेतुमंडल ज्या पेटीत बसविलेले असते तिला एन्क्लोजर म्हणतात. डिस्क व एन्क्लोजर निरनिराळे घेऊन त्यांची जुळणी अभ्यासकाला स्वतः करता येते.

निवडीचा पहिला निकष विद्युत्पुरवठ्याचा होय. २.५ इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते. २००८ साली जाहीर झालेल्या यूएसबी ३.० च्या प्रमाणानुसार ५ व्होल्ट व ९०० मिलिअँपिअर, म्हणजे ४.५ वॉट शक्ती केबलमधूनच मिळते. ३.५ इंची डिस्कला मात्र १२ व्होल्टही लागत असल्याने स्वतंत्र अडॅप्टर आवश्यक ठरतो. दुसरा निकष संकेतपद्धतीचा. एम.२ आकाराच्या पट्ट्या दिसावयास सारख्या असल्या तरी काही साटा, तर काही एनव्हीएमई पद्धतीच्या असतात. एन्क्लोजर त्याच पद्धतीचे हवे.

तिसरा निकष वेगाचा. यूएसबी ३.० चा वेग सेकंदाला ५ गिगाबिट सांगितला जातो. परंतु प्रत्येक ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागत असल्याने प्रत्यक्ष मर्यादा ५०० मेगाबाइटची राहते. फिरत्या तबकड्यांच्या डिस्कला ती पुरून उरते. उलट, केबल जुन्या यूएसबी २.० ची असल्यास कोणत्याही डिस्कचा वेग ६० मेगाबाइटच्या वर जाऊ शकत नाही.

जुळणीची कृती अल्प आहे. अंगावरील स्थिर विद्युत् घालविण्यासाठी प्रथम भूसंपर्कित धातूस स्पर्श करावा. साटा डिस्क जोडणीत सरळ सरकवावी, एम.२ पट्टी तिरकी घालून, नंतर आडवी दाबून पक्की करावी. त्यानंतर नव्या डिस्कचे फॉरमॅटिंग करावे. विंडोज व मॅक या दोहोंवर वापरावयाची असल्यास एक्सफॅट सोयीचे; फॅट३२ मध्ये ४ गिगाबाइट वा त्याहून मोठी फाइल मावत नाही. डिस्क जुनी असल्यास तिच्यातील सामग्री आधी अन्यत्र उतरवून घ्यावी, कारण फॉरमॅटिंगने ती नाहीशी होते.

या खटाटोपाचे खरे प्रयोजन काटकसर नव्हे. काही तयार संचयकांत यूएसबीची जोडणी डिस्कच्याच मंडलावर पक्की केलेली असते. काहींत सेतुमंडल माहिती कूटबद्ध करते. अशा ठिकाणी जोडणी वा सेतू निकामी झाल्यास, डिस्क सुस्थितीत असूनही माहिती सहजासहजी हाती लागत नाही. जुळविलेल्या संचयकात बहुधा एन्क्लोजर बदलले की काम भागते. तथापि काही सेतू डिस्कवरील विभागांचा आकार ५१२ ऐवजी ४०९६ बाइट असा दर्शवितात. म्हणून कूटबद्धता न करणारे एन्क्लोजर निवडून, डिस्क दुसऱ्या एन्क्लोजरमध्ये वाचता येते की नाही याची परीक्षा आरंभीच करावी.

मात्र घटकांची ही पृथकता सेतूच्या बिघाडावरील उपाय आहे, डिस्कच्या नव्हे. डिस्कच निकामी झाल्यास कोणतेही एन्क्लोजर उपयोगी पडत नाही. ज्या ध्वनिमुद्रणातील वक्ता आज हयात नाही, त्याची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर आणि निराळ्या जागी असणे हेच त्याचे खरे संरक्षण होय.