नकाशातली 'पडीक' जमीन

बँकेत असताना, १९९० नंतरच्या काही वर्षांत, सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या कोळंबी प्रकल्पाच्या कर्जाची फाइल माझ्या टेबलावर आली होती. नकाशात खाजणावर शेरा होता : 'पडीक'. पाहणीला गेलो, तर त्याच पडीक जमिनीतून टोपल्या घेऊन बायका कालवं काढायला चालल्या होत्या. "तळी झाली काय आमी जावचा खंयसून, सायबानू?" एकीने विचारलं. फॉर्मात या प्रश्नाला रकाना नव्हता. मी सही केली.

पुढे कोळंबीवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. एका तळ्याचं सांडपाणी खाडीत जायचं आणि शेजारचा पंप तेच पाणी ओढायचा. तळी ओस पडली, कर्ज थकलं. बायकांची वाट बांधाखाली गेली ती गेलीच.

११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पारंपरिक पद्धती वगळता, किनारा नियमन क्षेत्रातल्या कोळंबी तळ्यांना मनाई केली. २००५ च्या कायद्याने वाट पुन्हा खुली झाली, पण प्राधिकरणाकडे नोंदणी सक्तीची करून. चांगलंच झालं. मात्र नोंदणी एकेका प्रकल्पाची होते. खाडी सगळ्यांची एकच. ती किती तळी सोसेल, पाणी कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, कांदळवन कुठवर राखायचं, हे आधी एकत्र बसून ठरवायला हवं. त्या बैठकीत कालवं काढणारी बाई हवीच. उधाणाचं पाणी कुठवर चढतं, हे तिला नकाशाहून जास्त ठाऊक असतं.

मत्स्यशेतीला माझा विरोध नाही. कोकणातल्या पोरांना गावात काम हवंच आहे. फक्त कागदावर कुणी 'पडीक' लिहिलं असेल, तर सही करण्याआधी ओहोटीच्या वेळी तिथे जाऊन उभं राहावं. आणि कुणी काही विचारलं, तर उत्तर देऊनच परतावं.